हुंकाराला जागा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं सेलूत जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी सहावी आणि सातवी अशी दोन वर्षं बसले. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास वाचनाचा. वाचन म्हणजे गुरुजींनी वाचायचं आणि आम्ही ऐकायचं. खुर्ची टेबलाच्या अलीकडं ओढून ते बसत, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत आणि मागच्या शनिवारी पुस्तक जिथं मिटलं होतं तिथून सुरू करत. मध्येच थांबायचे. आम्ही "मग?" म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य यायचं नाही. एखाद्या पोराचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असलं, तर त्यानं "मग?" म्हणेपर्यंत त्याच्याकडं बघत राहायचे. पुढं मी स्वतः तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. पण असं थांबून वाट बघायला मला कधी सवड झाली नाही, धडे उरकायचे असायचे.

व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, गेल्या वर्षात मी काय वाचलं आणि काय ऐकलं, एवढंच सांगेन. ते म्हणाले, चालेल. म्हणून ही वही सोबत आणली आहे. मागच्या गुढीपाडव्याला ती घातली, तेव्हा डावं पान वाचलेल्या पुस्तकांना आणि उजवं पान ऐकलेल्या पुस्तकांना दिलं. यंदाच्या पाडव्याला मोजलं तर डावीकडं १९ पुस्तकं होती आणि उजवीकडं १४. दिवाळीनंतर पानाच्या मधोमध मला आणखी एक रकाना आखावा लागला. त्यात सहाच नावं आहेत. आज जे बोलायचं आहे ते मुख्यतः त्या सहांमुळं.

ऐकण्याकडं मी वळले ती आईमुळं. आईला आता शहाऐंशीवं चालू आहे. काचबिंदूनं तिची नजर गेली, आणि गेली ती कडांकडून, त्यामुळं बरेच दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. समोर दारात उभा राहिलेला माणूस तिला दिसायचा, पण उंबऱ्याशी ठेवलेली बादली दिसायची नाही. आम्हाला वाटलं, वयानं धडपडते. कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर सांभाळायची.

आई शाळेत गेलेली नाही. निजामाच्या राज्यात खेड्यातल्या मुलीला कुठली शाळा? अक्षरं ती पोथीवरून शिकली. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाचता वाचता तिला कधीच पाठ झाला होता, त्यामुळं तो तिच्याजवळ राहिला. बाकी सगळं वाचणं सुटलं. एकदा मला म्हणाली, "पाठ हाय तेच किती दिवस म्हणू? नवं काही सांग."

पुण्याच्या भाचीनं माझ्या फोनमध्ये पुस्तकं ऐकायचं ॲप घालून दिलं. कानात घालायच्या बोंडांनी आईचं डोकं दुखायला लागलं. मग फोन पितळी पातेल्यात उभा करून ठेवला. आवाज खोलीभर घुमायला लागला. आई भिंतीला टेकून बसली आणि समोर सरकीतून सुटलेला कापूस घेऊन वाती वळायला लागली. डोळ्यांवाचून होणारं तिचं ते एकच काम उरलं होतं. पहिलं पुस्तक मी लावलं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढलं, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलांना शिकवताना माझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट ते ऐकताना आली. त्या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो आणि आपण त्या मित्रांच्या रांगेत बसून ऐकतो. मुळात ऐकण्यासाठीच मांडलेलं पुस्तक मी इतकी वर्षं डोळ्यांनी वाचत आले होते.

आई रात्री मोजायची ती वातींवर. साधारण चाळीस-पन्नास वाती झाल्या की एक रात्र संपायची. संध्याकाळी मी घरी आले की ताटलीत बघायची. ढीग मोठा असला तर दुपारी तिनं पुष्कळ ऐकलेलं असायचं. एका संध्याकाळी ताटलीत आठ-दहाच वाती होत्या, आणि शेवटची अर्धवट वळलेली. फोन आपला बोलतच होता. मी तो बंद केला. आई म्हणाली, "ही बाई लई घाईनं वाचायली. तिला म्हण, जरा थांब. मला आधी रडू दे."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. पुस्तकाचं नाव नंतर लिहिलं.

माझं स्वतःचं ऐकणं बहुतेक चालताना व्हायचं. पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं जायचं आणि बाजार समितीकडून परत यायचं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी नोकरीत असताना तीन-चारदा वाचली होती. यंदा हिवाळ्यात ती ऐकली. कापसाचा हंगाम होता. जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांमधून सुटलेला कापूस रस्त्याकडच्या बाभळींच्या काट्यांना अडकलेला असतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई एकट्या पडल्या, तो भाग नेमका त्या बाभळींपाशी सुरू झाला. आता तिथून जाताना दरवेळी मला तीच माणसं आठवतात. छापील पुस्तकातली आवडलेली ओळ मला पानावरच्या जागेनं आठवते, डाव्या पानावर, खालून चौथी, अशी. ऐकलेल्या पुस्तकातली ओळ गावातल्या जागेनं आठवते. वर्षभरात माझ्या ओळखीच्या रस्त्यांवर अशी चौदा पुस्तकं पसरली आहेत. रेल्वे फाटकापाशी एक आहे, दवाखान्याच्या बाकावर एक आहे, आणि एक आहे परभणीच्या पॅसेंजरमध्ये, ढेंगळी पिंपळगाव ते मानवत रोड.

वाचनालयातली माझी एक मैत्रीण म्हणाली, "ऐकलेली पुस्तकं वाचलेल्यांत धरू नकोस. ते वाचन नव्हे." ती मनापासून बोलत होती, आणि तिच्याइतकं वाचणारं माणूस मला सेलूत दुसरं माहीत नाही. म्हणून तिचं म्हणणं मी बरेच दिवस मनात ठेवलं. पण आपल्या मुलखाकडं बघितलं तर ते टिकत नाही. समर्थ रामदासांचं जांब इथून फार लांब नाही. दासबोधाच्या चौथ्या दशकात त्यांनी नऊ भक्ती सांगितल्या, त्यांत पहिली श्रवण. वाचन त्या नवांत कुठंच नाही. ज्ञानेश्वरीचं काय? नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली, अशी परंपरा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आधी ती कुणाच्या तरी कानावर पडली आणि मग कागदावर आली.

श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ आपल्या खेड्यांत घरोघर गेले, ते काय विकत घेऊन वाचल्यामुळं गेले? पांडवप्रतापाचे ६४ अध्याय. चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि पुढं बसलेल्या शंभर माणसांपैकी नव्वद जणांना अक्षरओळख नसायची. पण द्रौपदीचा प्रश्न त्या नव्वदांना पुरता समजलेला असायचा. जुनी हस्तलिखित पोथी कुणी हातात घेतली असेल तर आठवा, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेलीच नसते. ओळभर अक्षरं एकमेकांना चिकटून येतात. नुसत्या डोळ्यांना ती पटकन उलगडत नाहीत. तोंडानं म्हटली की शब्द सुटे होतात. ती पोथी लिहिलीच होती मोठ्यानं म्हणण्यासाठी.

मनातल्या मनात वाचणं हीच एके काळी नवलाची गोष्ट होती. चौथ्या शतकात मिलान शहरातला बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचायचा, हे संत ऑगस्टिननं आपल्या आत्मकथनात मुद्दाम नोंदवून ठेवलं आहे. आपण ज्याला खरं वाचन म्हणतो त्याकडं त्या काळचा इतका मोठा विद्वान नवलानं बघत होता.

हात कामात असताना कानांनी पुस्तक घेण्याची रीतही जुनी आहे. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगार आपसांत पैसे जमवून एक वाचणारा ठेवायचे. तो उंच जागी बसून वर्तमानपत्र वाचायचा आणि मग कादंबरी. 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' तिथल्या कामगारांच्या इतकी आवडीची, की तिचं नाव पुढं एका सिगारला मिळालं. आपल्या देशात केरळात कण्णूरकडं विडी वळणारे कामगार असंच करत. एकजण वर्तमानपत्र वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे मिळून वळून द्यायचे. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऐकणाऱ्यानं वाचणाऱ्याचं काम अंगावर घेतलं.

यंत्रातून बोलणारी पुस्तकं आली ती अंधांसाठी. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून बसलेले सैनिक ब्रेल शिकायला तयार होत नव्हते, बोटं सरावत नव्हती. इंग्लंडमध्ये १९३५ साली त्यांच्यासाठी तबकड्यांवर पुस्तकं निघाली. पहिल्याच खेपेत अ‍ॅगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती. एका कादंबरीला दहा तबकड्या लागायच्या आणि पंचवीस मिनिटं झाली की तबकडी पालटायची. आज ज्याला सोय म्हणून आपण फोनमध्ये वापरतो, त्याच्या मुळाशी ती आंधळी झालेली तरणी पोरं आहेत. माझ्या घरात ते पुन्हा मूळ जागी आलं, एवढंच.

मैत्रिणीचं म्हणणं सगळंच चूक होतं, असंही नाही. 'युगान्त' मी डोळ्यांनीच वाचलं. इरावतीबाई एक विधान करतात आणि त्यावर आपण दोन दिवस थांबतो, मागं जातो, पेन्सिलीनं खूण करतो, पुन्हा पुढं येतो. आवाज असा थांबत नाही. पंधरा सेकंद मागं नेणारी खूण फोनवर असते, पण पाच पानांमागचं वाक्य तिनं सापडत नाही. युक्तिवादाचं पुस्तक ऐकताना माझ्या हातून सुटत गेलं. दोन पुस्तकं मी अर्ध्यावर सोडून छापील मागवली. कवितेला तर मधली कोरी जागा लागते. ती ऐकताना मिळाली नाही. आठवणी, प्रवास, चरित्र, गोष्ट हे मात्र कानाला लागतं. काही ओळखीची वाक्यं आवाजात पहिल्यांदा उमगली. दीडपट वेगानं ऐकायचीही सोय असते. ती मी एकदाच वापरली. पुस्तक संपलं, उजव्या पानावर नाव चढलं, आणि आठवड्यानं त्यातलं एक माणूस मला नावानं सांगता येईना.

खरी अडचण दुसरीच निघाली, आणि ती आईनं दाखवली. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातल्या खेड्यावरची एक कथा मी ॲपवर लावली. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ होते. पण आपल्याकडच्या बाईचं बोलणं आलं की तो जपून जपून बोलायचा. 'व्हतं', 'हाय', 'करायलाव' हे शब्द त्याच्या तोंडात पाव्हण्यासारखे अवघडून बसायचे. शब्द बरोबर, हेल चुकीचा. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही माणसं आपल्याकडची हायेत, पण ह्यानं ती बघितली नाहीत." मग म्हणाली, "तूच वाच."

मधला रकाना त्या रात्री आखला. पहिलं नाव आलं आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'चं. लोमटे आपल्याच तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मी तो विकत घेतला, वाचला आणि कपाटात ठेवला. मला वाटत होतं, मला तो कळला आहे. आईपुढं मोठ्यानं वाचायला बसले तेव्हा कळलं की बऱ्याच ठिकाणी माझे डोळे नुसते पुढं सरकले होते. मोठ्यानं वाचताना पळता येत नाही. एका वाक्यातला हेल मला लागेना. मी ते तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आईनं अंधारात हात हलवला आणि तेच वाक्य आपल्या पद्धतीनं म्हणून दाखवलं. तेव्हा ते वाक्य कुणाचं, कुठल्या वयाच्या बाईचं, आणि ती रागात आहे की थकलेली, सगळं स्पष्ट झालं.

आणि आई हुंकार द्यायला लागली. पातेल्यातल्या फोनपुढं तिनं वर्षभरात एकदाही 'हूं' म्हटलं नव्हतं. माझ्यापुढं दुसऱ्याच पानावर म्हणाली. ओसरीवर गोष्ट सांगताना कुणीतरी 'हूं' म्हणायचं असतं, हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. त्याचं काम काय, हे मात्र मला आत्ता कळलं. आईचा हूं सगळीकडं सारखा नसतो. कळलं असा एक आखूड हूं असतो. असं होणारच होतं, असा एक लांब असतो. कधी हूं येतच नाही, मग मी थांबते, मागचं वाक्य पुन्हा वाचते. कधी तो चढ्या आवाजात येतो, म्हणजे तिला काहीतरी सांगायचं आहे. मग पुस्तक मांडीवर उपडं ठेवायचं आणि ऐकायचं.

अशा थांबण्यात मला जे मिळालं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी बी. रघुनाथ वाचत होते. निजामाच्या काळातला एक शब्द आला आणि आईनं मला निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा हिशेब सांगितला. सात हाली म्हणजे सहा कलदार. तिचे वडील मोंढ्यावरून आले की आधी आजीला विचारायचे, कुठल्या पैशात सांगू? मग कलदार रुपया दगडावर वाजवून कसा बघायचे, ते तिनं बोटानं जमिनीवर वाजवून दाखवलं. दोन पानं वाचायला त्या रात्री दीड तास लागला.

आता बी. रघुनाथांबद्दल. आपल्या स्टेशनातून जालन्याच्या बाजूला निघालं की पुढचं स्टेशन सातोना. भगवान रघुनाथ कुलकर्णी १९१३ साली तिथं जन्मले. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत जेमतेम चाळिशीत गेले. तेवढ्या आयुष्यात कविता, कथा, कादंबऱ्या. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, त्याच्या आधीचं आणि नंतरचं आपलं जगणं ज्या थोड्या लेखकांनी मराठीत उतरवलं, त्यांत ते ठळक आहेत. मी त्यांचं काही ऐकायला मिळतं का ते शोधलं. मला एकही पुस्तक सापडलं नाही. इतक्या जवळच्या स्टेशनावरचा लेखक, आणि सातोन्याच्या एखाद्या अंध मुलाला तो वाचायचा असला तर त्यानं काय करायचं?

कायदा आडवा येतो, असं मला वाटत होतं. तो येत नाही. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. बी. रघुनाथांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा तो हक्क २०१३ च्या अखेरीला संपला. ती कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करावीत. हयात लेखकांच्या पुस्तकांसाठीही वाट आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ज्यांना छापील वाचता येत नाही अशा अपंग व्यक्तीसाठी, नफा न घेता, पुस्तक ऐकण्याजोगं करून देता येतं. माराकेश करार नावाचा याच विषयावरचा जागतिक करार आहे, त्याला २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजुरी देणारा देश भारत. २०१६ पासून केंद्र सरकारचं 'सुगम्य पुस्तकालय' अंधांना अशी पुस्तकं घरबसल्या देतं. जागा आहे, कायदा आहे, लेखक आपला आहे. कमी आहे तो इथला आवाज, आणि तो या मांडवात भरपूर आहे.

म्हणून गेल्या महिन्यात मी सुरुवात केली. बी. रघुनाथांची एक कथा आईच्या खोलीत बसून फोनवर वाचली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, दाराखाली गोधडी सारली. तरी मध्ये मालगाडीची शिट्टी आलीच. आईला सांगून ठेवलं होतं, आज हूं म्हणायचं नाही, आवाज धरला जाईल. दोन पानं झाली आणि माझंच वाचणं मला परकं वाटायला लागलं. सपाट, घाईचं, फोनसारखं. तिसऱ्या पानावर मी थांबले. आई गप्प. मी म्हटलं, "आई, म्हण तू." पुढची अठरा मिनिटं सरळ झाली. ध्वनिमुद्रणात तिचे हुंकार आहेत. काढून टाकता येतात म्हणे. मी काढलेले नाहीत.

येत्या रविवारपासून दर रविवारी दुपारी चारला आमच्या घरी वाचायला बसायचं ठरवलं आहे. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी यावं. आवाज कसा आहे याचा विचार करू नये, चष्मा आठवणीनं आणावा. आणि येताना हूं म्हणणारं एक माणूस सोबत आणावं.